गोंदण कलिंगांचे, वारसा कोणाचा?

संपादक महोदय,

फिलिपिन्सच्या उत्तर लुझोनमधील बुस्कालान या डोंगरी खेड्यात, १९१७ साली जन्मलेल्या वांग-ओद आजी, लिंबूवर्गीय झाडाचा काटा काजळीत बुडवून, काठीच्या हलक्या ठोक्यांनी तिथल्या कलिंग जमातीचे गोंदण काढत आल्या आहेत. अमेरिकेत वाढलेले फिलिपिनो तरुण पूर्वजांशी नाते जोडण्यासाठी तेथवर डोंगर चढून जातात, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यांतील अनेकांची घराणी देशाच्या मध्यभागातील विसाया बेटांवरची किंवा मनिलाभोवतालच्या तागालोग मुलखातली असतात; कलिंगांची नक्षी, जी एकेकाळी योद्ध्याला पराक्रमानेच मिळत असे, ती त्यांच्या पूर्वजांची नव्हे. विसायांतही अंगभर गोंदण्याची परंपरा होती (सोळाव्या शतकातील स्पॅनिशांनी तिची नोंद केली आहे), पण पुढे ख्रिस्तीकरणाच्या काळात ती लोपली. तिचा माग काढणे अधिक कष्टाचे असले, तरी या तरुणांनी आधी स्वतःच्या आजोळच्या बेटाकडे वळावे आणि बुस्कालानला पाहुणे म्हणूनच जावे.

– एक वाचक, डोंबिवली