जकार्ताचे सुवर्ण सांगता, मग वकिलातीवरचा हल्ला का गाळता?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आशियाई क्रीडा स्पर्धांच्या इतिहासावरचा लेख वाचला. पदकांचे तक्ते व्यवस्थित आहेत, छायाचित्रेही चांगली आहेत. पण १९६२च्या जकार्ता स्पर्धेची बोळवण लेखकाने दोन वाक्यांत केली आहे. दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले, आणि तेही ‘प्रतिकूल प्रेक्षकांसमोर’. प्रेक्षक एवढे का खवळले होते, हा प्रश्न लेखकाला पडला नाही आणि संपादनातही कुणी विचारला नाही, याचा राग आला म्हणून हे पत्र.

इस्रायल आणि तैवान हे दोघेही तेव्हा आशियाई क्रीडा महासंघाचे सदस्य होते. यजमान इंडोनेशियाने त्यांना ओळखपत्रेच दिली नाहीत. या स्पर्धांत ओळखपत्र हाच प्रवेशाचा परवाना असतो. ते अडवले की बंदीचा एकही कागद न काढता संघ घरी बसवता येतो. कारण उघड होते. तैवानला विरोध करणाऱ्या चीनशी जवळीक होती आणि इस्रायलविरोधी अरब देशांचे मन राखायचे होते. मग एकेक खेळ अडचणीत येऊ लागला. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने मान्यता नाकारली, तेव्हा तो खेळ कार्यक्रमातूनच गेला. अॅथलेटिक्सच्या महासंघानेही इशारा दिला. विनामान्यता स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूवर पुढे ऑलिंपिकचे दार बंद होऊ शकते, इतका तो गंभीर मामला होता.

आयओसीचे (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती) भारतातील सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी मागणी केली की, सर्व सदस्यांना प्रवेश नसेल तर या स्पर्धेला ‘आशियाई’ म्हणू नये. १९५१ची दिल्लीतली पहिली स्पर्धा ज्यांच्या खटपटीतून उभी राहिली तेच हे सोंधी. त्यांची मागणी नियमाला धरून होती, पण इंडोनेशियात ती भारताने केलेला अपमान ठरली. ३ सप्टेंबरला जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला, सोंधींना जकार्ता सोडावे लागले, आणि दुसऱ्याच दिवशी कर्णधार चुनी गोस्वामींचा भारतीय फुटबॉल संघ अंतिम सामन्यासाठी मैदानात उतरला. हे सांगितल्याशिवाय त्या सुवर्णाची किंमत वाचकाला कळणार कशी?

त्या वकिलातीत राजदूत होते औंधचे अप्पासाहेब पंत. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. मराठी वृत्तपत्राच्या पानभर लेखात त्यांचे नावही येऊ नये, याला काय म्हणावे?

लेखात पुढची साखळीही नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये आयओसीने इंडोनेशियाला निलंबित केले. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात जकार्तातच ‘गानेफो’ ही प्रतिस्पर्धी स्पर्धा भरवली. तिच्यात किती देश आले, याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात. कारण अनेक पथके त्या त्या देशाच्या ऑलिंपिक समितीने पाठवलेली नव्हती. यजमानांनी पथके मोजली, टीकाकारांनी अधिकृत समित्या मोजल्या. म्हणून असा आकडा छापताना तो कुणी मोजला, हे सोबत छापायला हवे. यजमानाचा अधिकृत अहवाल तर एकट्याने कधीच वाचू नये. त्यात वेळापत्रक आणि निकाल बिनचूक मिळतात, पण कोणाला येऊ दिले नाही हे सापडत नाही. ते आयओसीच्या इतिवृत्तांत, महासंघांच्या परिपत्रकांत आणि परराष्ट्र खात्यांच्या कागदांत शोधावे लागते. भुर्दंड शेवटी खेळाडूंनीच भरला. गानेफोत उतरलेल्या खेळाडूंवर अॅथलेटिक्स आणि जलतरण महासंघांनी बंदी घातली. त्यावरून १९६४ मध्ये इंडोनेशिया आणि उत्तर कोरिया टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर माघारी गेले.

‘खेळात राजकारण आणू नये’ असा लेखाचा समारोप आहे. आणू नये हे कबूल, पण ते कोणत्या दारातून येते हे तरी दाखवा. २०१९ मध्ये दिल्लीतल्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना आपण व्हिसा दिला नाही. आयओसीने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारातल्या ऑलिंपिक प्रवेशाच्या जागा त्या स्पर्धेतून काढून घेतल्या आणि भारताशी यजमानपदाची बोलणी थांबवली. सरकारने लेखी हमी दिल्यावरच ती पुन्हा सुरू झाली. २०२३ मध्ये उलट घडले. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेला अरुणाचलच्या तीन महिला वुशू (चिनी युद्धकला) खेळाडू जाऊ शकल्या नाहीत, आणि तिथेही मुद्दा प्रवेशाच्या ओळखपत्राचाच होता. २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि पाकिस्तान राष्ट्रकुलाचा सदस्य आहे. तेव्हा ओळखपत्रे कोण देणार, कोणत्या अटींवर देणार आणि अडली तर दाद कुठे मागायची, हे आपल्या क्रीडा प्रतिनिधीने आतापासून विचारायला हवे. स्टेडियमच्या आसनक्षमतेच्या बातम्या भरपूर झाल्या.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावरच्या चौकटीत १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी ‘प्रात्यक्षिक खेळ म्हणून समाविष्ट’ असल्याचे छापले आहे. तेथे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले, त्यांनी देशी खेळ आणि व्यायामप्रकार करून दाखवले, हे खरे आणि अभिमानाचे आहे. पण ती प्रात्यक्षिके ऑलिंपिकच्या अधिकृत प्रात्यक्षिक खेळांत मोडत नाहीत. ही चूक दर काही वर्षांनी नव्याने छापली जाते आणि शाळेतली मुले ती निबंधात उतरवतात. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
क्रीडा-इतिहासाचा एक अभ्यासक, सातारा