आत्याच्या वहीतला तुझा नंबर

प्रिय मित्रा,

फोनच करणार होतो. दोनदा तुझा नंबर काढलाही, पण तुझं ‘काय रे, बरा आहेस ना?’ कानावर पडलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र. आत्या गेली. आज चोवीस दिवस झाले.

आजारपणाचं फार लिहीत नाही. चार-पाच दिवसांतच आटोपलं. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, औषधांच्या यादीतलं शुद्धलेखन सुधारण्याइतकी.

लिहायचं आहे ते तिच्या वहीबद्दल. लोकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. टेलिफोनशेजारची ती नंबरांची वही, पाठीला चिकटपट्टी लावलेली, तुला आठवत असेल. उघडली आणि कपाळावर हात मारला. एकही माणूस स्वतःच्या नावाने नाही! नळ दुरुस्त करणारा ‘थ’मध्ये, म्हणजे ‘थेंब’. एक डॉक्टर ‘उ’मध्ये, ‘उद्या या’. ‘म’मध्ये नुसतंच ‘मोठ्याने’. हे कोण, ते नंबर लावल्यावर कळलं. तिची शाळेतली मैत्रीण, तिला ऐकू कमी येतं. बातमी तीनदा ओरडून सांगावी लागली. ‘गेली’ हा शब्द एकदा ओरडून बघ. पहिल्या दोन वेळा तो समोरच्यासाठी असतो, तिसऱ्यांदा आपल्यालाच ऐकू येतो.

भेटायला येणारे म्हणतात, किती शांत होती, किती सोशिक. आत्या आणि सोशिक! कपडे वाळत घालायच्या दोरीवरून शेजारणीशी सहा वर्षं अबोला धरणारी बाई ती. मी मान डोलावतो, पण मनात येतं, हे लोक कुणाबद्दल बोलताहेत? मला तीच भांडखोर हवी आहे. माझं अक्षर बघून ‘मुंगी शाईत पडून चालली का रे?’ म्हणणारी.

एकाने मला दुःखाच्या पाच पायऱ्या समजावून सांगितल्या, आणि मी अजून पहिलीवरच, म्हणजे नकारावरच, आहे असं निदानही केलं. मग मी शोधून वाचलं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 साली त्या पायऱ्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. आत्याला हे कळलं असतं तर त्या गृहस्थांना तिने बसवून ऐकवलं असतं.

आणखी एक, तुलाच सांगतो. फोन उचलल्यावर बोलण्याआधी ती घसा खाकरायची ना, ते मला ऐकू येतं. स्वयंपाकघरातून, दुपारी, स्पष्ट. घाबरलो होतो. मग वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांचं काम वाचनात आलं. त्यांनी जोडीदार गमावलेल्या 293 जणांशी बोलून 1971 साली लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटलं होतं. काहींना दिसलं, काहींना ऐकू आलं. बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मी जोडीदार नाही, भाचा आहे. तरी वाचून बरं वाटलं. आता खाकरणं ऐकू आलं की हातातलं काम थांबवतो, एवढंच.

वहीत मी स्वतःला शोधलं. माझ्या नावाच्या अक्षरात नाही, ‘लबाड’मध्ये नाही, ‘आळशी’मध्येही नाही. जरा रागच आला. शेवटी सापडलो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला. हॉस्टेलचा नंबर, त्यावर एक रेघ. पहिल्या नोकरीचा, त्यावर रेघ. मग दोन मोबाइल, तेही खोडलेले. खाली आत्ताचा. नाव कुठेच नाही. हा शेवटचा नंबर मी तिला कळवलाच नव्हता रे. बदलला, आणि आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे घालवले. तिने कुणाकडून तरी मिळवला. हात थरथरत असणार; सातचा एक झाला होता, त्यावर पुन्हा सात गिरवलाय. त्यानंतरही तिने एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही. तिच्यासारखीने बोलून दाखवू नये, हेच मला जास्त लागतंय.

आता तुझं. तू ‘क’मध्ये आहेस. ‘कुंभकर्ण’. परीक्षेच्या दिवशी आमच्याकडे झोपून राहिला होतास आणि तिने तोंडावर पाणी मारून उठवलं होतं, तेव्हापासूनचा असणार. पुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘सकाळी दहानंतर’.

ये एकदा. वही दाखवतो.

तुझाच,
मी