आजपासून नऊ नवके

रामबाग, इंदूर
२२ डिसेंबर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तू तिथे मंगोलियात दिवसभर करतोस तरी काय?" मी सराफ्यात उभा होतो, समोर गराडूचे कंद तळायची कढई, मागे गाड्यांचे हॉर्न. "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला. खरं तर कारण आवाजाचं नव्हतं, उत्तर एका वाक्यात बसत नव्हतं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. घरात नाताळच्या फराळाची गडबड आहे. आई करंज्या करतेय आणि पहिल्या घाण्यातली करंजी पळवायला तू नाहीस, हे तिने सकाळपासून दोनदा म्हणून झालं.

बाहेर दहा-बारा अंश असतील. अख्खं रामबाग मफलर गुंडाळून फिरतंय आणि मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, त्यामुळे आईची बोलणी खातोय. तिला कसं सांगू, की उलानबातरला जानेवारीत रात्रीचा पारा उणे तीसच्या खाली जातो? वर्षाची सरासरी धरली तर जगातली सगळ्यात थंड राजधानी तीच. दार उघडून पहिला श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात, मग पापण्यांवर पांढरं दिसायला लागतं. लोखंडी कडीला उघडा हात लावायचा नाही, कातडी चिकटते. हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो.

तर माझा दिवस. पहाटे साडेपाचला उठून शेगडी पेटवायची. ते काम आमच्या मिशनच्या घरातल्या सगळ्यात लहानाचं, म्हणजे माझं. मग प्रार्थना, मोंगोल भाषेतली मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, चहा. आमची वस्ती शहराच्या कडेला टेकडीवर आहे. तिथे बरीचशी माणसं गेरमध्ये राहतात. गेर म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचा गोल तंबू. दार दक्षिणेला, मधोमध शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर. नळ नाही. पाणी विहिरीवरून आणायचं. तिथे विहीर म्हणतात ती खरं तर पाणी विकायची एक छोटी खोली असते, पैसे देऊन कॅन भरून घ्यायचे आणि ढकलगाडीवरून घरी न्यायचे. सकाळी सात ते नऊ मी तेच करतो. चार म्हाताऱ्या माणसांच्या घरी पाणी पोचवतो, राख काढतो, शेगडीत कोळशाच्या विटा घालतो. २०१९ च्या मे महिन्यापासून शहरात कच्चा कोळसा जाळायला बंदी आहे, तेव्हापासून या दाबलेल्या विटा आल्या. तरी हिवाळ्यात संध्याकाळी धुराची चव जिभेवर राहतेच.

दुपारी भाषेचा अभ्यास, शाळेतून आलेल्या मुलांचा गृहपाठ, आठवड्यातून दोनदा धुलाई. आमच्याकडे कपडे धुवायची यंत्रं आणि गरम पाण्याची न्हाणीघरं आहेत, वस्तीतली माणसं येऊन आंघोळ करून जातात. झालं. दिवस संपला. तुझ्या काकांनी मागच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "किती जणांना बाटवलंस?" त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांनाही हे पत्र वाचून दाखव. तीन वर्षांत एकालाही नाही. १९९२ साली तीन मिशनरी तिथे उतरले तेव्हा देशात एकही कॅथलिक चर्च नव्हतं. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले तेव्हा सगळ्या देशातले कॅथलिक मोजून साधारण चौदाशे पन्नास भरत होते. आपल्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला राजवाड्याच्या एका कोपऱ्यात याहून जास्त माणसं उभी असतात. मला तो आकडा वाढवायला पाठवलेलं नाही. कोणी विचारलं तर मी कोण आणि कशासाठी आलो ते सांगतो, नाही विचारलं तर पाणी ठेवून निघतो.

हे मी कुठून शिकलो तेही तुला ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर २०१७, इथेच इंदूरला, सिस्टर राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं त्या दिवशी तू माझ्याबरोबर आला होतास. देवास जिल्ह्यात आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवणारी बाई, आणि १९९५ च्या फेब्रुवारीत इंदूरकडे येणाऱ्या बसमध्येच तिला भोसकून मारलं. ज्याने मारलं त्याला तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. परतताना तू गाडी चालवत होतास, आपण दोघंही बोललो नाही. घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

भाषेचं सांगतो, ते तुला आवडेल. पहिलं वर्ष सगळं भाषेतच गेलं. बरोबरच्या युरोपीय फादरांना वाक्य उलटं वाटायचं, मला मात्र घरच्यासारखं. "बि जाख रू यावना": बि म्हणजे मी, जाख म्हणजे बाजार, रू म्हणजे कडे, यावना म्हणजे जातो. मी बाजाराकडे जातो. शब्द बदलले, बसायची जागा तीच. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. उच्चार मात्र अजून माझ्या जिभेवर नीट बसलेले नाहीत, मुलं हसतात आणि पुन्हा म्हणायला लावतात.

माझ्या चार घरांतलं शेवटचं घर एका आजीचं. आजीला तिकडे एमे म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, एकटी राहते. दाराच्या बरोबर समोर, गेरमधल्या मानाच्या जागी तिचा बुद्ध, त्याच्यापुढे दिवा. मी भारतातला म्हटल्यावर तिने माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. बुद्धाच्या देशातला माणूस आला, म्हणाली. बंड्या, मला काय करावं कळेना. मी ख्रिस्ताच्या नावाने आलेला, आणि ती मला बुद्धाच्या नावाने नमस्कार करतेय. मी हात मागे घेतला नाही. रात्री त्यावर बराच वेळ प्रार्थना केली, आणि अजूनही वाटतं की नाही घेतला ते बरोबर केलं.

एकदा संध्याकाळी निघताना ती दारापर्यंत आली. पश्चिमेला एक मोठा तारा लखलखत होता. बोट दाखवून म्हणाली, "सुगर." मग एकेक ग्रह बोटांवर मोजून दाखवले: बुद, अंगारग, बार्खसबाद, सांचिर. मी उणे वीसमध्ये तिथेच खिळून उभा. बुध, अंगारक म्हणजे मंगळ, बृहस्पती, शनैश्चर! आणि सुगर आपला शुक्र. बौद्ध ग्रंथांबरोबर ही नावं हिमालय ओलांडून गोबीच्या पलीकडे गेली आणि या म्हातारीच्या तोंडात राहिली. मी तिला आपली नावं म्हणून दाखवली. ती "तीम, तीम" म्हणाली, म्हणजे हो, हो. आमची खरी ओळख त्या संध्याकाळी झाली.

आता एक गोष्ट, जी मी अजून आईलाही सांगितलेली नाही. मागच्या जानेवारीत माझी भाषेची परीक्षा होती. सकाळी अभ्यास करत बसलो आणि एमेकडे गेलो नाही. शेजारी बघतील असं धरून चाललो, कोणाला सांगितलं मात्र नाही. संध्याकाळी पोचलो तर शेगडी थंड. ती अंगात देल, म्हणजे तिकडचा लांब अंगरखा, घालून, वर दोन रजया घेऊन बसली होती. कॅनमधलं पाणी वरून गोठलेलं. शेजारीण गावाला गेली होती. एमे एक शब्द बोलली नाही. मी विस्तव केला, बर्फ फोडून पातेल्यात टाकलं, आणि पाणी उकळल्यावर तिने थरथरत्या हाताने त्यात दूध-मीठ घालून पहिली वाटी मला दिली, उजव्या हातात, डाव्या हाताने कोपराला आधार देऊन, पाहुण्याला देतात तशी. मला तो चहा गिळवेना. परीक्षेत चांगले गुण मिळाले. ते मी कोणाला सांगितले नाहीत.

तू विचारतोस मी काय करतो. ठरलेल्या वेळी जातो. तेवढंच, पण ते रोज.

रात्री अंथरुणात मी मराठीत प्रार्थना म्हणतो, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". दिवसभर मोंगोल आणि जेवताना इंग्रजी, मराठी तेवढीच. आजोबा नगरहून इथे गिरणीत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दुसरं काही नव्हतं, ही प्रार्थना होती असं बाबा सांगायचे.

आज २२ डिसेंबर. तिकडे आजपासून नऊ नवके सुरू. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवस मोजायचे, एकूण एक्याऐंशी, आणि एमेला सगळे पाठ आहेत. पहिल्या नवकात दुधाची दारू गोठते, दुसऱ्यात दोनदा गाळलेली दारूसुद्धा. तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं, चौथ्यात चार वर्षांच्या. पाचव्यात शिजवलेला भात गोठेनासा होतो. सहाव्यात बर्फातून रस्ता काळा दिसायला लागतो, सातव्यात टेकड्यांचे माथे, आठव्यात जमीन ओलावते, नवव्यात ऊब. मी ६ जानेवारीला निघतोय, म्हणजे तिसऱ्याच्या आत पोचेन. तोवर माझी चार घरं दुसरा एक ब्रदर बघतोय. दर रात्री मी त्याला फोन करतो. आजही केला. शेगडी चालू आहे.

आईने एमेसाठी गोधडी शिवायला घेतली आहे. उंची विचारत होती, मी हात वर करून दाखवली. साड्या कमी पडत होत्या, तर परवा तुझ्या आईकडे गेली आणि काकूंनी त्यांची ती आभाळी नऊवारी काढून दिली. मोंगोल माणसाला तो रंग आभाळाचा, मानाचा. सणाला थोरांच्या हातावर याच रंगाचं वस्त्र ठेवतात. काकूंना हे ठाऊक नव्हतं, त्यांनी हाताला लागली ती दिली. आईने ती मधोमध लावली आहे. तू काही काकूंना विचारू नकोस, मीच जाऊन सांगेन.

तू पुण्याहून ३१ ला निघणार असशील तर गाडीचा नंबर कळव, स्टेशनवर येतो. गराडू अजून महिनाभर मिळतील, पण करंज्या नाताळनंतर उरायच्या नाहीत, म्हणून तुझा डबा आईने वेगळा काढून ठेवला आहे.

तुझा,
मित्र