सिम्युलेटरमध्ये हस्तांतराची अर्धीच बाजू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विमाने, विमानतळ आणि हवामान ही सॉफ्टवेअर आज किती हुबेहूब दाखवतात, याचे त्यातील वर्णन योग्यच आहे. परंतु हवाई वाहतूक नियंत्रणाला त्यात जेमतेम एक वाक्य मिळाले आहे, आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरची सर्वांत कच्ची बाजू नेमकी तीच आहे.

भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार उड्डाण माहिती विभागांत (नियंत्रणासाठी आखलेल्या हवाई हद्दींत) वाटलेले असून गुवाहाटी हा कोलकात्याला जोडलेला उपविभाग आहे. मुंबईहून दिल्लीला निघालेले विमान वाटेत एका विभागातून दुसऱ्यात जाते, तेव्हा वैमानिकाला एवढेच ऐकू येते की आता दिल्ली कंट्रोलशी अमुक फ्रिक्वेन्सीवर बोला. मात्र ते विमान कोणत्या उंचीवर आहे आणि हद्दीवर किती वाजता पोचेल, हे मुंबईच्या नियंत्रकाने त्याआधीच दिल्लीला कळवलेले असते. दिल्लीकडे त्याच उंचीवर दुसरे विमान येत असेल, तर उंची बदलून पाठवा असेही तिकडून सांगितले जाते. विमानाची जबाबदारी एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणजेच हस्तांतर होते, ते या बोलण्यातून, आणि वैमानिकाला मिळणारी सूचना हे त्याचे फक्त शेवटचे टोक असते.

मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमधील अंगभूत नियंत्रक यातले काहीच करत नाही. नवी फ्रिक्वेन्सी जाहीर होते, मी कीबोर्डवरचा १ दाबतो आणि माझ्या वतीने संगणकच ती स्पष्ट उच्चारात परत म्हणून दाखवतो. एकदा चेकलिस्ट चाळण्याच्या नादात ती कळ दाबायची राहिली, तेव्हा तीच सूचना दोन-तीनदा आली आणि अखेर माझा उड्डाण आराखडाच रद्द झाला. खरा नियंत्रक गप्प झालेल्या विमानाला असे वाऱ्यावर सोडत नाही. तो शेजारच्या विभागाकडे चौकशी करतो, १२१.५ या आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर हाक मारतो, जवळून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाकरवी निरोप देतो. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवरून जाताना संपर्क तुटला, तेव्हा जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने त्याच्याजवळ पोचली होती. संपर्क पुन्हा जुळला आणि विमान हीथ्रोला सुखरूप उतरले.

व्हॅटसिमसारख्या, सिम्युलेटर वापरणाऱ्यांना जोडणाऱ्या ऑनलाइन नेटवर्कवर खरी माणसे हौसेने नियंत्रकाचे काम करतात. तिथे मला एकदा पाचाच्या जागी नऊ (‘फाइव्ह’च्या जागी ‘नाइन’) ऐकू आले आणि मी तीच चुकीची फ्रिक्वेन्सी परत म्हटली. नियंत्रकाने मला तिथल्या तिथे थांबवून अंक एकेक करून सांगितले. रेडिओवर नऊला ‘नाइनर’ का म्हणतात, ते मला त्या रात्री खऱ्या अर्थाने कळले. मात्र पुढच्या विभागात दर वेळी कोणी बसलेले असतेच असे नाही, आणि कोणी नसले की १२२.८ या सामाईक फ्रिक्वेन्सीवर जायला सांगितले जाते. म्हणूनच अंगभूत नियंत्रक सुधारणे आवश्यक आहे.

बारामती, गोंदिया येथे उड्डाण प्रशिक्षणासाठी जाऊ इच्छिणारी मुले आज घरच्या संगणकावर सराव करतात, आणि कळ दाबली की काम झाले ही सवय त्यांनी तिथून सोबत नेऊ नये, असे मला मनापासून वाटते. भारतीय विभागांच्या हद्दी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीत (हवाई माहितीच्या अधिकृत प्रकाशनात) सर्वांसाठी खुल्या आहेत. निर्मात्यांनी त्या जशाच्या तशा घ्याव्यात. पुढच्या विभागाने विमान लगेच न स्वीकारणे, उंची बदलायला लावणे, या गोष्टी त्यात असाव्यात. फ्रिक्वेन्सी वैमानिकाला स्वतः मायक्रोफोनवर म्हणावी लागावी आणि चुकली तर दुरुस्त केली जावी. तोवर मी कळ दाबण्याआधी ती मोठ्याने म्हणतो आणि समोरच्या कागदावर लिहून ठेवतो.

आपला,
एक वाचक, पुणे