आजीच्या आईचं माहेर

एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड
रविवार, रात्री

ती. आई, बाबा आणि आजी,
सा. न.

आधीच सांगते, मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. मेतकूट अजून पुरतंय. शॅननची बस आणि ऑफिस नेहमीचंच, ते फोनवर ऐकताच तुम्ही.

परवा आई म्हणाली, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत परक्यांचे कसले जुने कागद वाचत बसतेस?" ते मनाला लागलं, म्हणून नीट लिहिते. दोन वाजेपर्यंत मी एकदाच जागले, तेही दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून. आणि घरमालकीणबाई मला परक्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते, तेव्हा ऐंशीच्या वयात पाच दिवस सूप घेऊन जिना चढून वर येत होत्या. तापाचं मी तेव्हा कळवलं नव्हतं. आता बरी आहे, रागावू नका.

त्यांना त्यांच्या आजीची जन्मनोंद हवी होती आणि त्यांची नजर आता बारीक अक्षरावर ठरत नाही. इथे जुने कागद फार कमी उरलेत. १९२२च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर जळलं, त्यात १८२१ ते १८५१च्या जनगणनेची बहुतेक पानं गेली. १८८१ आणि १८९१ची तर त्याआधीच, पहिल्या महायुद्धात, सरकारने कागदाच्या लगद्यासाठी दिली. अख्खी उरलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ची. त्यामागे जायचं तर मुख्यतः दोन वह्या हाताशी: पाद्र्याची बाप्तिस्म्याची आणि सरकारी जन्मनोंदीची, जी १८६४ला सुरू झाली. दोन्ही आता फुकट बघता येतात. कॅथलिक चर्चच्या वह्यांचे फोटो राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५मध्ये इंटरनेटवर टाकले.

पाद्र्यांच्या वह्या बऱ्याच ठिकाणी लॅटिनमध्ये आहेत. बाबा, तुम्ही घोकून घेतलेल्या विभक्त्या इथे उपयोगी पडल्या. 'जेकोबी' वाचून मी दोन दिवस जेकोबी आडनावाचं घर शोधत होते. मग लक्षात आलं, ही तर षष्ठी! 'रामस्य' तसं 'जेकोबी', जेकोबसची मुलगी. आणि जेकोबस म्हणजे जेकब नव्हे, जेम्स. बाईंच्या आजीला सगळे नोरा म्हणायचे, वहीत ती 'होनोरिया' आहे.

आई, आता इथली एक रीत नीट समजावून सांगते, कारण ती कळेपर्यंत माझंही डोकं चालेना. कॅथलिक घरात मूल झालं की दोन-चार दिवसांत बाप्तिस्मा उरकायचे. आपल्यासारखं बाराव्या दिवसापर्यंत थांबत नसत. बाप्तिस्म्याआधी मूल दगावलं तर त्याला स्वर्गाचं दार बंद, ही धास्ती होती. म्हणून पाद्र्याच्या वहीतली तारीख सहसा पक्की. सरकारी नोंदीसाठी मात्र रजिस्ट्रारकडे जावं लागे. बाई बाळंतीण, बाप्या शेतात, मग ते राहून जायचं. मुदत टळली की दंड. तो चुकवायचा तर एकच उपाय, मुलाची जन्मतारीखच पुढे ढकलून सांगायची. चार महिन्यांचं मूल रजिस्ट्रारपुढे दोन महिन्यांचं होई. बाईंच्या आजीचा बाप्तिस्मा १४ मार्च १८७२चा आणि सरकारी जन्मतारीख २ मे १८७२. जन्माच्या दीड महिना आधी बाप्तिस्मा!

मला वाटलं, दोन वेगळ्या मुली असतील. इथे मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचीही पद्धत होती. पण मार्चमधली गेली असती तरी त्याच आईला मेमध्ये दुसरी कशी होईल? बापाचं नाव तेच, वाडी तीच, आईचं माहेरचं आडनाव तेच. मुलगी एकच.

बाईंना हे पटेना, "माझे लोक खोटं सांगणारे नव्हते" म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. दाखल्यावर १ जून १९६७, आणि आजी तर कायम सांगते की कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे हा दोन महिन्यांचा होता, गोधडीत गुंडाळून अंगणात नेला. भूकंप ११ डिसेंबरचा. म्हणजे बाबा ऑक्टोबरचे. मास्तरांनी शाळेत घालताना १ जून लावली. मास्तर काही खोटारडे नव्हते, पोराचं वर्ष वाया जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. मग बाई हसल्या. इथेही असा एक भूकंप आहे म्हणाल्या: ६ जानेवारी १८३९ची 'मोठ्या वाऱ्याची रात्र'. १९०९मध्ये सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू झालं, पण त्या वयाच्या कुणाकडे सरकारी दाखला असणार? ती रात्र आठवते असं सांगून लोक वय पटवून द्यायचे. १९०१ आणि १९११च्या जनगणनांमधल्या दहा वर्षांत कित्येक म्हाताऱ्यांची वयं पंधरा-पंधरा वर्षांनी वाढलेली मी स्वतः पाहिली.

सरकारी नोंदीत माहिती देणाऱ्याच्या रकान्यात त्या मुलीची आईच आहे. लिहिता येत नव्हतं, म्हणून नाव आणि आडनाव यांच्या मधोमध एक फुली. बाईंनी स्क्रीनवर त्या फुलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेव्हापासून मला आजीची आई आठवते आहे. आजोबांच्या वेळी बाबांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीतलं आपलं पान फोटो काढून पाठवलं होतं. मी तेव्हा पोचू शकले नाही, तो फोटोच किती दिवस बघत होते. त्यात आजीची आई असणार नाही, ते घराणं दुसरं. मग ती कुठे लिहिलेली आहे?

आता बाकीचं. शुक्रवारी ४५ हजार पाठवलेत, ते फक्त आजीच्या मोतीबिंदूसाठी. घराच्या हप्त्याचे एक तारखेला वेगळे येतील. बाबा, यातून हप्ता भरून ऑपरेशन पुढे ढकलू नका. मी पोटाला चिमटा घेत नाही, खरंच.

वैभवच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे, चार दिवस आधी येते, हळदीला असेन. त्याला मी सांगितलंय. तो "चालेल ताई" म्हणाला आणि लगेच फोन ठेवला.

सांगलीच्या स्थळाचं. मुलाशी दोनदा बोलले. माणूस सरळ आहे, पण मी लग्न ठरताच नोकरी सोडून यावं असं त्याला वाटतं. मी नाही म्हणणार आहे. आत्याला वाईट वाटेल, तिला मीच फोन करीन, तुमच्यावर ढकलणार नाही. आणि आई, तू आडून विचारलंस त्याचं उत्तर: इथे कोणी नाही. असतं तर तुला पहिल्यांदा सांगितलं असतं.

तुमची,
शुभा

ता. क. ऑपरेशनच्या आधी, आजी निवांत असेल तेव्हा, तिच्या आईचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव विचारून कागदावर लिहून घ्या. वैभवला फोटो पाठवायला सांगा. तारीख सांगता आली नाही तर राहू दे, तेव्हा काय घडलं होतं ते विचारा.