सावली कुठे पडते, ते आधी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात बसस्थानकाच्या आराखडा स्पर्धेतले पहिल्या क्रमांकाचे चित्र आपण चार रकान्यांत छापले आणि काल त्यावर अग्रलेखही लिहिला. अभिनंदन. चित्र सुरेख आहे. पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे रंगकाम कळते. काच चकाकते आहे, आकाश निळेशार आहे, चाकांच्या बॅगा ओढत मुली चालल्या आहेत. गाठोडे घेतलेला माणूस मात्र एकही नाही. आपल्या स्टँडवर गाठोडी आणि पोती दिसली नाहीत तर त्या दिवशी संप आहे असे समजावे.

असो. मुद्दा सावलीचा आहे. चित्रात माणसांची सावली एकीकडे पडली आहे आणि झाडांची भलतीकडे. सातवीतल्या पोराने असे काढले असते तर मी वही परत दिली असती. निवड समितीने पहिला क्रमांक दिला.

दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, माझी थोरली बहीण माहेरी आली होती. अक्का तेव्हा ७७ वर्षांची. तिसऱ्या दिवशी तिला शिरपूरच्या गाडीत बसवून द्यायला याच स्टँडवर गेलो. हातात खापरावरच्या मांड्यांचा डबा, कैऱ्यांची पिशवी. गाडी सव्वातीनची. आम्ही पावणेतीनलाच पोहोचलो, कारण अक्काला अजून वाटते की गाडी वेळेवर सुटते.

फलाटावर ती भोकाभोकांची स्टीलची बाकडी आहेत. अक्का बसली आणि "माय वं!" म्हणून तशीच उठली. तवा तापावा तसे बाकडे तापले होते. डोक्यावर छप्पर होते की! पण आपला फलाट पश्चिमेकडे तोंड करून आहे. तीन वाजले की ऊन छपराखालून सरळ आत शिरते. साडेतीनपर्यंत सगळा फलाट उन्हात आणि बाकडी रिकामी. माणसे कुठे गेली म्हणून पाहिले तर छपराच्या खांबामागे. दीड फुटाचा खांब, त्याची दीड फूट रुंदीची लांबलचक सावली, आणि त्या सावलीत एकामागे एक उभी असलेली अकरा माणसे. मी मोजली. त्यात एक बाळंतीण होती, तिचे बाळ पदराखाली. ऊन कलेल तशी सावली सरकायची आणि मागची माणसे पाऊल पाऊल बाजूला व्हायची. नुकताच आलेला एक माणूस विचारतो, "ही लाइन कोणत्या गाडीची हो?" कोणी हसलेसुद्धा नाही. त्या रांगेचे चित्र मी जुन्या तिकिटाच्या पाठीवर काढून ठेवले आहे. समितीला हवे असेल तर प्रवेश शुल्क न घेता देईन.

दर पाच मिनिटांनी अक्का विचारायची, "गाडी उनी का रे भाऊ?" चौकशीच्या खिडकीवर उत्तर ठरलेले, येईल. पावणेपाचला गाडी आली ती भलत्याच फलाटाला. आम्ही डबा सांभाळत पोहोचेपर्यंत खिडक्यांतून रुमाल आत पडले होते. अक्का अर्धा रस्ता उभी गेली. रात्री फोन आला तेव्हा पहिली तक्रार उभे राहण्याची नव्हती, बाकड्याची होती.

आता नव्या आराखड्याकडे या. आपल्याच बातमीत लिहिले आहे की छत वीस फूट उंच असेल, "त्यामुळे हवा खेळती राहील". हवा खेळेल, ऊनही खेळेल. मेच्या शेवटी, २५ तारखेच्या आसपास, आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा कोणतेही छत पुरते. पण त्याच मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर असतो. कोनमापक घेऊन कागदावर रेघ ओढा. वीस फुटांवरच्या छताखालून ऊन तीस फूट आत येते. पाच वाजता चाळीस फूट. फलाट तरी तेवढा रुंद आहे का? वर पश्चिमेचा सगळा दर्शनी भाग काचेचा. पारा ४४-४५ वर जाणाऱ्या मुलखात पश्चिमेला काच लावणाऱ्याला बक्षीस मिळते, आणि आमच्या आजोबांनी पश्चिमेच्या भिंतीला खिडकीसुद्धा ठेवली नव्हती, ते बहुधा अडाणी म्हणून.

अग्रलेखात आपण सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा दाखला दिलात. दिलात तर पुरता द्यायचा होता. योर्न उत्झोन यांचा आराखडा १९५७ मध्ये अशाच स्पर्धेतून निवडला गेला. खर्चाचा अंदाज सत्तर लाख डॉलरचा होता, तो दहा कोटी वीस लाखांवर गेला. १९६६ मध्ये उत्झोन काम सोडून निघून गेले. १९७३ मध्ये इमारत खुली झाली आणि ती पुरी झालेली त्यांनी कधीच पाहिली नाही. इतक्या लांब कशाला, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी १९८६ मध्ये जगभरातून आराखडे मागवले होते. अमेरिकेचे राल्फ लर्नर जिंकले आणि त्यांच्या आराखड्यातले बरेचसे कागदावरच राहिले. स्पर्धा घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. स्पर्धकाला काय विचारले, ते कधीतरी छापा.

२०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. स्टँडवर गर्दी कोणाची वाढली हे सांगायला समिती नको. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बायका. त्यांना लागते काय? टेकायला लाकडाचे बाकडे, सावली, माठ, आणि पैसे न मोजता जाता येईल असे स्वच्छ शौचालय. आराखड्यात दर्शनी बाजूला दोन मजले गाळे आहेत, फूड कोर्ट आहे, कारंजे आहे. बाकडी कशाची, ते आपल्या बातमीत तरी नाही.

माझा एक विद्यार्थी आज एसटीत चालक आहे. त्याला ते चित्र दाखवले. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, भारी आहे. पण गाडी मागे घ्यायची कुठे?" फलाटाला तोंड लावून उभी केलेली गाडी मागे घेऊनच बाहेर काढावी लागते, वाहक खाली उतरून शिट्टी मारतो, हे रोजचे आहे. चित्रात गाड्या नुसत्या उभ्या आहेत, त्याही दोनच. निवड समितीत एखादा चालक किंवा वाहक होता का, एवढे आपल्या प्रतिनिधीने विचारले असते तर अग्रलेखाची गरज पडली नसती.

तिन्ही निवडलेले आराखडे म्हणे सभागृहात मांडून ठेवणार आहेत, वातानुकूलित. ते याच फलाटावर लावावेत आणि समितीने तिथेच दुपारी तीन ते सहा बसून लोकांचे म्हणणे ऐकावे. बाकडी आहेतच.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
(नाव-पत्ता सोबत वेगळा दिला आहे, छापू नये.)

ता. क. : बसस्थानकाच्या चित्राला चार रकाने मिळतात आणि केळीचे रावेर-बऱ्हाणपूरचे भाव गेले सहा महिने शब्दकोड्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत येतात. परवा तर तेही नव्हते. हे मी यापूर्वी दोनदा कळवले आहे.