एच-१बीचा पगार नेमका कुठे पडतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी तज्ज्ञांना अमेरिकेत नोकरी करू देणाऱ्या एच-१बी व्हिसावरून सध्या जो वाद रंगला आहे, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक, स्वस्तात राबणाऱ्या भारतीयांनी अमेरिकनांचे पगार पाडले. दुसरा, आमच्या पोरांच्या हुशारीवर यांच्या कंपन्या चालतात आणि वर आम्हालाच बोल लावतात. पगार ज्या कागदावर ठरतो, त्याचे नावही या वादात कोणी घेत नाही. म्हणून हे पत्र.

तो कागद म्हणजे लेबर कंडिशन ॲप्लिकेशन, बोलीभाषेत 'एलसीए'. व्हिसाच्या मुख्य अर्जाआधी कंपनी तो अमेरिकेच्या श्रम खात्याकडे भरते. आमच्याकडे त्याच कामावरच्या इतरांना मिळतो तो पगार किंवा त्या भागातला त्या कामाचा 'प्रचलित पगार', यांतला जास्त असेल तो देऊ, असे त्यात लिहून द्यावे लागते. ऐकायला चोख वाटते. पण खात्याला हा अर्ज कामकाजाच्या सात दिवसांत निकालात काढावा लागतो आणि पाहायचे ते एवढेच, की रकाने भरलेत का आणि कुठे ढळढळीत चूक आहे का. लिहिलेले खरे आहे का, हे या टप्प्यावर खोदून पाहण्याची मुभा कायद्यानेच ठेवलेली नाही.

आता तो 'प्रचलित पगार'. २००४ च्या कायद्यापासून त्याच्या चार श्रेणी आहेत. एका शहरातले एकाच कामाचे शंभर जण पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे केले, तर पहिल्या श्रेणीचा पगार साधारण सतराव्या माणसाचा असतो, दुसरीचा चौतिसाव्याचा, तिसरीचा पन्नासाव्याचा आणि चौथीचा सदुसष्टाव्याचा. म्हणजे रांगेतला बरोबर मधला पगार तिसऱ्या श्रेणीत येतो. पहिल्या दोन श्रेण्यांत माणूस घेतला की तो मधल्या पगाराखाली, आणि पूर्णपणे कायद्यात बसून. २०१९ च्या अर्जांवरून इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने काढलेला हिशेब असा, की मंजूर झालेल्या जागांपैकी ६० टक्के या खालच्या दोन श्रेण्यांत होत्या. (ही संस्था कामगार संघटनांकडे झुकलेली आहे, पण आकडे श्रम खात्याचेच आहेत.)

कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या मुलीला पहिली श्रेणी लागली, तर त्यात गैर काही नाही. मेख वेगळीच आहे. श्रेणी ठरवताना माणसाचा अनुभव मोजत नाहीत, जागेसाठी मागितलेली किमान पात्रता मोजतात. हिशेब एका गुणापासून सुरू होतो. त्या कामाला लागणाऱ्या नेहमीच्या अनुभवापेक्षा जास्त मागितला की गुण वाढतो, जास्त शिक्षण मागितले की वाढतो, हाताखाली माणसे असली की आणखी एक. त्यामुळे जागेच्या अटींत 'पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव' एवढेच लिहिले की बारा वर्षे घासलेला माणूसही खालच्या श्रेणीत बसतो. दुसरी पळवाट कामाच्या सांकेतिक क्रमांकाची. काम प्रत्यक्षात सॉफ्टवेअर डेव्हलपरचे, पण क्रमांक सिस्टिम्स ॲनालिस्टचा घातला, की बहुतेक शहरांत पगाराची अट आपोआप खाली येते.

दुसरे पाणी मुरते ते ग्रीन कार्डच्या रांगेत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,०००, तीही बायकामुलांसकट मोजून, आणि एका देशाच्या वाट्याला ढोबळमानाने ७ टक्के. एच-१बी मात्र भारतीयांना सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळतात. नळ मोठा आणि मोरी अरुंद, तर पाणी तुंबणारच. नोकरी बदलायला मनाई नाही. रांगेतली तारीखही सहसा राखता येते. पण नव्या कंपनीला आधी जाहिराती देऊन अमेरिकन उमेदवार नाही हे दाखवावे लागते, मग पुढचा अर्ज, म्हणजे सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. मधेच नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात ६० दिवस. घराचा हप्ता, मुलांची शाळा आणि हे साठ दिवस डोक्यावर असताना पगारवाढीसाठी साहेबाशी कोण हुज्जत घालणार? शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकनाचा पगार दबतो तोही यामुळेच, कारण हललो तर सगळे गमावू असा सहकारी त्याच्या बरोबरीने उभा असतो.

आता कायद्यातल्या ६०,००० डॉलरच्या आकड्याचे. ज्या कंपन्यांत एच-१बीवाल्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे आहे (५१ किंवा जास्त कर्मचारी असतील तर १५ टक्के), त्यांनी अमेरिकन कामगाराला हटवून त्याच्या जागी असा माणूस आणणार नाही, अशी जादा हमी द्यायची असते. मात्र येणाऱ्याला वर्षाला ६०,००० डॉलर मिळणार असतील किंवा त्याच्याकडे मास्टर्स पदवी असेल, तर ही हमी माफ. हा आकडा १९९८ चा आहे आणि आजतागायत बदललेला नाही. महागाई धरली तर आज तो जवळजवळ दुप्पट असायला हवा होता. २०१५ मध्ये ऑर्लँडोच्या डिस्नेत सुमारे अडीचशे जणांना काढताना आपल्या जागी एच-१बीवर येणाऱ्यांना शिकवून जायला लावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अमेरिकेत गदारोळ झाला. त्यावरचे दावे पुढच्या वर्षी न्यायालयाने फेटाळले. संताप खरा होता, पण कायद्यातच एवढी भोके आहेत.

पगारावर परिणाम होतो का, याचे सरळ उत्तर 'कोणाच्या पगारावर' असे विचारल्याशिवाय देता येत नाही. बाउंड, खन्ना आणि मोरालेस या अभ्यासकांनी मांडले, की परदेशी संगणकतज्ज्ञ आले नसते तर २००१ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते. पेरी, शिह आणि स्पार्बर यांना मात्र शहराशहरांत उलटे दिसले: परदेशी तंत्रज्ञ वाढले, तिथे पदवीधर अमेरिकनांचे पगारही वाढले. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. त्याच खुर्चीसाठी उभ्या असलेल्याला झळ, आजूबाजूच्यांना फायदा.

आता उपायांचे बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये श्रम खात्याने चार श्रेण्या एकदम ४५, ६२, ७८ आणि ९५ व्या माणसापर्यंत नेल्या, तेही हरकती न मागवता, तडकाफडकी. डिसेंबरात न्यायालयांनी तो नियम उडवला. जानेवारी २०२१ मध्ये ३५, ५३, ७२ आणि ९० असा सौम्य आराखडा आला. तो लागू होण्याआधीच बारगळला. माझ्या मते दुखण्याच्या सर्वांत जवळ पोचलेला उपाय तोच होता, आणि त्यावर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही.

सप्टेंबर २०२५ च्या एक लाख डॉलरच्या शुल्कावर मात्र रकानेच्या रकाने भरले. हे शुल्क अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर आहे. तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबरात झाला. पैसा जातो सरकारी तिजोरीत. पहिली श्रेणी होती तिथेच आहे, साठ हजारांचा आकडाही हललेला नाही. पुण्यातून माणूस पाठवणे परवडले नाही, तर कंपनी तेच काम हिंजवडीत करून घेईल आणि अमेरिकन प्रोग्रामरचा पगार जागचा हलणार नाही. शुल्काच्याच महिन्यात मांडलेली भारित लॉटरीची योजना, म्हणजे सोडतीत वरच्या श्रेणीला जास्त संधी, त्यापेक्षा बरी: चौथ्या श्रेणीच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, पहिलीची एक. पण श्रेणी त्या गावापुरती आणि त्या कामापुरती असते. महागड्या सॅन होजेतला दुसऱ्या श्रेणीचा अभियंता कितीतरी जास्त डॉलर मिळवत असला तरी त्याच्या चिठ्ठ्या दोन, आणि लहान गावात कमी पगाराच्या कामावरच्या चौथ्या श्रेणीवाल्याच्या चार.

ज्यांची मुले तिकडे आहेत किंवा निघाली आहेत, त्यांच्या उपयोगाचे थोडे. एलसीएची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत कर्मचाऱ्याच्या हातात पडलीच पाहिजे. ती मागून घ्यावी. त्यात चार गोष्टी ताडून पाहाव्यात: कामाचा क्रमांक, श्रेणी, कामाचे ठिकाण, पगार. प्रचलित पगार श्रम खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि शहर टाकले की कोणालाही फुकट दिसतो. क्लायंट बदलून डॅलसहून न्यू जर्सीला पाठवत असतील तर जाण्याआधी नवा एलसीए आणि सुधारित अर्ज झालेला हवा; थोड्या दिवसांच्या कामाचा अपवाद सोडला तर २०१५ पासून हे बंधनकारक आहे आणि चुकले तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवले तरी एलसीएतला पगार द्यावाच लागतो. 'आता बिनपगारी राहा, पुढे भरून देऊ' हे छोट्या कन्सल्टन्सीचे नेहमीचे वाक्य साफ बेकायदा आहे. कंपनीने भरायची ७५० किंवा १,५०० डॉलरची ट्रेनिंग फी कोणत्याही वाटेने कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. मुदतीआधी सोडल्यास दंड असा बाँड असेल, तर सही करण्याआधी तिथल्या वकिलाला दाखवावा, कारण खऱ्या नुकसानीची भरपाई चालते, दंड चालत नाही. कंपनीनेच मुदतीआधी काढले, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिच्याकडे.

तक्रार श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे 'डब्ल्यूएच-४' नावाच्या फॉर्मवर करतात. उल्लंघन झाल्यापासून बारा महिन्यांत ती दाखल व्हावी लागते, आणि बेंचवर बसलेली बरीच मुले 'पुढे भरून देऊ'ची वाट पाहण्यात नेमके हेच बारा महिने घालवतात.

आपला,
एक वाचक, पुणे